हजेरीपटाबाहेरचं काम

ऑगस्टमध्ये पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी रंगते, आणि साधारण त्याच दिवसांत अनेक महाविद्यालयांत पहिली अंतर्गत चाचणी लागते. ही स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, त्यामुळे ती कधी येणार हे कुणालाच नवं नाही. तरीही दरवर्षी तेच घडतं. एकांकिका गाजली की फाटकावर मुलांच्या फोटोंचा फ्लेक्स लागतो. ऑक्टोबरात डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी, लागते तेव्हा फ्लेक्सवरची काही नावं तिथेही सापडतात. मग कलामंडळाचे प्राध्यापक मुलांना घेऊन प्राचार्यांकडे जातात, थोडी बोलणी खाऊन होतात आणि ‘या वेळेपुरतं’ म्हणत हॉल तिकिटं सुटतात.

माझा आक्षेप या ‘या वेळेपुरतं’ला आहे. करंडक आणणाऱ्याला ते मिळतं. पहाटे चारला उठून आईबरोबर पन्नास डबे भरणाऱ्या आणि त्यामुळे साडेसातच्या तासाला न पोचणाऱ्या मुलीला ते मिळत नाही, कारण तिच्या कामाचा फ्लेक्स लागत नाही. सुट्टीच्या दिवशी लग्नं शूट करून रात्र-रात्र एडिटिंग करणारा मुलगा तर विचारायलाही जात नाही. तो सरळ ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला आणतो. हजेरीच्या नियमाला आजार कळतो, काम कळत नाही, म्हणून धडधाकट मुलांना कागदावर कावीळ होते. खोटं बोलायला आपण त्यांना वयाच्या अठराव्या वर्षी शिकवतो, तेही ती कष्ट करतात म्हणून. शिकता शिकता काम करणाऱ्यांसाठी लेखी नियम हवा, आणि तो सगळ्यांना सारखा लागू हवा. त्याला लागणारी बहुतेक सामग्री आपल्याकडे आधीच पडून आहे.

त्याआधी ‘समतोल साधा’ या सल्ल्याविषयी बोलायला हवं. हा सल्ला देणारे एक गोष्ट विसरतात. सगळी कामं एका आकाराची नसतात. काही कामं हंगामी असतात, चार-पाच आठवडे माणसाला पिळून घेतात आणि मग सोडून देतात. काही रोजची पण थोड्या वेळाची असतात. काही मात्र अख्खा दिवस मागतात. या तिघांवर एकच उपाय चालत नाही.

हंगामी कामाचा हिशेब मांडून पाहू. राज्याच्या नव्या पदवी आराखड्यात एका सत्राला २० ते २२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक) असतात आणि लेखी विषयाच्या एका क्रेडिटला १५ तास. म्हणजे ४ क्रेडिटच्या विषयाला सत्रभरात ६० तास, आठवड्याला ४. परीक्षेला बसायला लागणारी हजेरी ७५ टक्के म्हणजे ४५ तास, आणि चुकवता येण्यासारखे १५. तीन आठवडे वर्गात पाऊलही ठेवलं नाही तर १२ तास बुडतात, तरी ३ तास गाठीला राहतात. तालमी संध्याकाळच्या असतील तर तेवढेही बुडायचं कारण नाही. कागदावर एकांकिका ७५ टक्क्यांच्या नियमात आरामात बसते.

मग बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे हे १५ तास जुलैमध्येच उधळले जातात, कॅन्टीनमध्ये, तालमी सुरू व्हायच्या आधी. दुसऱ्या-तिसऱ्या यादीत प्रवेश घेणाऱ्याचे पहिले काही तास तर तो यायच्या आधीच गेलेले असतात, आणि हजेरी त्याच्या प्रवेशाच्या तारखेपासून मोजायची की सत्राच्या सुरुवातीपासून, हे त्याने विचारलेलं नसतं. दुसरं कारण प्रात्यक्षिकांचं. तिथे तासांपेक्षा जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, महत्त्वाचं असतं. बुडालेल्या प्रयोगावर सही नाही, सही नाही म्हणून जर्नल सर्टिफाय होत नाही, आणि जर्नलशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. विज्ञान शाखेची मुलं बहुतेकदा इथे अडकतात. प्रात्यक्षिकाची बॅच बदलून दुसऱ्या दिवशीच्या बॅचबरोबर प्रयोग करू देणं एवढ्यानेही हा गुंता सुटतो, पण ते आधी विचारावं लागतं, सबमिशनच्या आठवड्यात नाही. तिसरं कारण अंतर्गत गुणांचं. अनेक विद्यापीठांत अंतर्गत मूल्यमापनात आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. चाचणी बुडाली आणि फेरचाचणी झाली नाही, तर लेखीत उत्तम गुण मिळवूनही विषय राहतो.

आणि सगळ्यांत जास्त भरडले जातात ते बॅकस्टेजवाले. रंगीत तालमीच्या आधीचे तीन-चार दिवस नेपथ्य उभारण्यात, लाइटचे क्यू बसवण्यात, प्रॉपर्टी गोळा करण्यात पूर्णच्या पूर्ण जातात. हजेरी माफीसाठी प्राचार्यांकडे जाणाऱ्या यादीत मात्र नटांची नावं असतात. खिळे ठोकणाऱ्याचं नाव लिहायचं राहून जातं.

हंगाम प्रत्येक कामाचा वेगळा असतो, आणि तो आधीपासून माहीत असतो ही यातली मोठी सोय आहे. लग्नाचे फोटोग्राफर, मेंदी काढणाऱ्या मुली, मेकअप करणाऱ्या, बँजो पार्टीत वाजवणारी मुलं यांचं वर्ष पंचांगावर चालतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात मुहूर्त नसतात, तुळशीचं लग्न लागलं की धावपळ सुरू. म्हणजे या मुलांचं विषम सत्र (वर्षाचा पहिला अर्धा भाग) जवळजवळ मोकळं जातं आणि सम सत्र (दुसरा अर्धा) लग्नसराईत सापडतं. एप्रिल-मे हा लग्नांचाही महिना आणि परीक्षांचाही. अशा विद्यार्थ्याने जे विषय निवडून घ्यायची मुभा आहे त्यांतला जड विषय आणि मागे राहिलेला एखादा विषय विषम सत्रातच उरकावा. सम सत्रात नवं काही अंगावर घेऊ नये. आकाशकंदील, फराळ, उटणं विकणाऱ्यांचं गणित बरोबर उलटं आहे. त्यांचा धंदा ऑक्टोबरात आणि परीक्षाही तेव्हाच. पेणच्या गणपती कारखान्यांत रंगकाम आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्या मुलांचे जुलै-ऑगस्ट गेलेले असतात, पण गणेशोत्सवानंतर ती मोकळी होतात.

इथे महाविद्यालयाच्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती फुकट आहे. विद्यापीठाच्या परीक्षेची तारीख हलत नाही, अंतर्गत चाचणीची हलू शकते. प्रत्येक चाचणीच्या दोन तारखा सत्राच्या पहिल्याच आठवड्यात जाहीर कराव्यात, निदान तीन आठवड्यांच्या अंतराने, आणि विद्यार्थ्याने आपली तारीख तेव्हाच लिहून द्यावी. कारण विचारू नये. प्रश्नपत्रिका दोन काढाव्या लागतील, एवढाच खर्च. पेणमधल्या महाविद्यालयाने ऑगस्टमध्ये एकच चाचणी ठेवावी यात कुठली शैक्षणिक गुणवत्ता राखली जाते, ते मला कळलेलं नाही.

रोजच्या थोड्या वेळाच्या कामाबद्दल फार लिहायला नको. डबे, शिकवण्या, लोगो-पोस्टरची डिझाइन, दुकानातली चार तासांची पाळी. या मुलांना सलग वेळापत्रक हवं असतं. सकाळी साडेसातला एक तास, मग दोन तास मोकळे, मग दुपारी बाराला पुन्हा एक, असं वेळापत्रक केलं की त्यांचा धंदाही जातो आणि वर्गही. आपल्याकडे याचं भान पूर्वी होतं. मुंबईत सकाळची आणि रात्रीची महाविद्यालयं नोकरदारांसाठीच उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व घेऊन १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तेव्हा काम हा शिक्षणातला अडथळा आहे असं त्यांनी मानलं नव्हतं. आज विद्यापीठांत त्यांच्या नावाची योजना चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर मानधन मिळतं, आणि ती चांगलीच योजना आहे. पण आवाराच्या आत झाडांना पाणी घालणाऱ्याचं काम आपल्याला दिसतं आणि फाटकाबाहेर स्वतःचा स्टॉल चालवणाऱ्याचं दिसत नाही, हे काही भाऊरावांच्या विचाराला धरून नाही.

तिसरा प्रकार पूर्ण दिवसाचा, आणि तिथे गोड बोलून मुलांचं नुकसान करू नये. मालिकेची शिफ्ट बारा तासांची असते, महिन्याचे वीस-पंचवीस दिवस. दुसऱ्या दिवशीचा कॉल टाइम आदल्या संध्याकाळी कळतो. त्यामुळे कोणता तास बुडेल याचं नियोजनही करता येत नाही. ठळक भूमिका मिळाली असेल तर नियमित प्रवेश आणि मालिका दोन्ही एकत्र चालत नाहीत, कितीही हुशार मूल असलं तरी.

इथे हमखास डॉक्टरांची उदाहरणं दिली जातात. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि रंगभूमीही गाजवली, मग तुला बी.कॉम. का जमू नये? उदाहरण खरं आहे, लागू होत नाही. त्या काळची प्रायोगिक आणि हौशी रंगभूमी संध्याकाळी चालायची. नोकरी, दवाखाना, कॉलेज आटोपून माणसं तालमीला जमायची. आजचं कॅमेऱ्यापुढचं काम दिवसाचं आहे आणि ते कॉलेजच्या वेळेवरच बसतं. शिवाय तालमीच्या जागेपासून सायकलच्या अंतरावर राहणारा विद्यार्थी आणि नांदेडहून येऊन ठाण्यात चौघांत खोली घेऊन राहणारा विद्यार्थी यांच्या चोवीस तासांत फार फरक असतो. खुद्द डॉ. लागूंनीही पुढे वैद्यकी सोडून पूर्ण वेळ अभिनय पत्करला, हे ते उदाहरण देणारे सांगत नाहीत.

पूर्ण दिवसाचं काम आलेल्याने दोन रस्त्यांतला एक निवडावा. पहिला मुक्त विद्यापीठाचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कारणासाठी आहे, आणि त्या पदवीला कमी लेखायचं काही कारण नाही. दुसरा रस्ता रीतसर खंड घेण्याचा. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिट आणि वर कौशल्याचे ४ क्रेडिट पुरे करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. मिळवलेले क्रेडिट २०२१ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा राहतात.

पण मुलं रीतसर बाहेर पडत नाहीत, ती यायची थांबतात. फॉर्म भरत नाहीत, टर्म ग्रँट होत नाही (म्हणजे सत्र पूर्ण केल्याची मान्यता मिळत नाही), सत्राच्या मध्यावर सोडल्यामुळे त्या सत्राचं हाती काहीच लागत नाही. तीन वर्षांनी परत येतात तेव्हा अभ्यासक्रम बदललेला असतो. बाहेर पडायचं तर वर्षाच्या अखेरीस पडावं, त्या वर्षाचे सगळे विषय सोडवून. आपल्या खात्यात किती क्रेडिट जमा झाले ते स्वतः लॉगिन करून पाहावं, कारण महाविद्यालयाने पाठवले आणि खात्यात दिसलेच नाहीत असं होऊ शकतं, आणि ती चूक त्याच वर्षी सुधारणं सोपं असतं. खंड घेत असल्याचा लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घरी जपून ठेवावी. तोंडी सांगून गेलेल्याची नोंद तीन वर्षांनी कुणाच्या लक्षात नसते. तो लिपिकही बदललेला असतो.

सरकारने इथे अर्धंच काम केलं आहे. पदवीचा नियम खंड मान्य करतो, शिष्यवृत्ती आणि फी सवलतीच्या योजना मात्र जुन्याच चालीने चालतात. त्यांत हजेरीची अट आहे, खंड न पडण्याची अट आहे. श्रीमंताच्या मुलाला वर्षभराचा खंड परवडतो. सवलतीवर शिकणाऱ्याला परत आल्यावर पूर्ण फी भरायची वेळ येणार असेल, तर त्याच्यासाठी तो नियम असून नसल्यासारखा आहे.

आता पडून असलेल्या सामग्रीकडे येतो. केंद्राने २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण आणलं. त्यात अगदी स्पष्ट लिहिलं आहे की स्वतःचा उद्योग उभारणाऱ्या विद्यार्थ्याला संस्था सत्राचा किंवा वर्षाचा खंड देऊ शकते, त्याच्या प्रयत्नांना क्रेडिट देऊ शकते, प्रकल्पाऐवजी किंवा उन्हाळी प्रशिक्षणाऐवजी स्टार्टअपचं काम धरू शकते, आणि हजेरी कमी असली तरी रीतसर परवानगीने परीक्षेला बसू देऊ शकते. उद्योगाच्या नोंदणीसाठी संस्थेचा पत्ता वापरायचीही मुभा आहे. हे अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या संस्थांत थोडंफार पोचलं. कला आणि वाणिज्य महाविद्यालयांत, जिथे डबे, कपडे, मेंदी, फोटोग्राफी असे खरे छोटे धंदे करणारी मुलं बसलेली असतात, तिथे ते फारसं कुणी उघडूनही पाहत नाही. स्टार्टअप म्हटलं की अ‍ॅप डोळ्यांपुढे येतं, पापडाची भट्टी येत नाही.

त्याहून हाताशी असलेली गोष्ट म्हणजे राज्याच्या पदवी आराखड्यातलं ऑन जॉब ट्रेनिंग (प्रत्यक्ष कामाच्या जागी घेतलेलं प्रशिक्षण) आणि सहशालेय अभ्यासक्रमांचे क्रेडिट. हा आराखडा २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढच्या वर्षीपासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. कामाच्या स्वरूपाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे ४ क्रेडिटला १२०. दिवसाला दोन तास धंदा करणारा विद्यार्थी हे तास दोन महिन्यांत पुरे करतो. आणि तरी त्याला सांगितलं जातं की लेटरहेड असलेल्या बाहेरच्या आस्थापनेचं पत्र आण. मग तो काकांच्या दुकानाचं पत्र आणतो, जिथे तो कधी गेलेलाच नाही, आणि स्वतःच्या धंद्यात खपलेले तास कुठेच मोजले जात नाहीत.

स्वतःचा धंदा ऑन जॉब ट्रेनिंग म्हणून धरायला काय लागेल? उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, जी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. रोजची डायरी, तारीख-वेळ आणि काय केलं ते दोन ओळींत. खरेदी-विक्रीची बिलं आणि वेगळ्या बँक खात्याचा उतारा. मार्गदर्शक प्राध्यापकाच्या दोन भेटी, त्यातली एक न कळवता. शेवटी वीस मिनिटांची तोंडी परीक्षा, जिच्यात एकच प्रश्न खोलात विचारावा: एका नगाचा खर्च किती आणि तो कसा काढला? खोटं काम करणारा या प्रश्नावर टिकत नाही. खरं करणाऱ्यालाही बहुतेकदा इथेच पहिल्यांदा कळतं की त्याने स्वतःच्या मजुरीचा आकडा धरलेलाच नाही. नाटकवाल्यांसाठी डायरीबरोबर प्रॉम्प्टची प्रत, प्रकाशयोजनेचा आराखडा, नेपथ्याचं मोजमापासह रेखाटन आणि खर्चाचा ताळेबंद मागता येईल. खिळे ठोकणाऱ्याचं नाव इथे आपोआप येतं.

प्राध्यापकांचा आक्षेप मी हलका मानत नाही. ते म्हणतात, दार थोडं किलकिलं केलं की काम न करणारेही आत शिरतील, वर्ग ओस पडतील. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे हे सगळं पाहणार कोण? अनेक महाविद्यालयांत निम्मं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतं. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, विद्यार्थ्याच्या कारखान्याला भेट देण्याचे मिळत नाहीत. हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच मार्गदर्शनाचे तास कार्यभारात मोजल्याशिवाय ही योजना सुरू करू नये. एका मार्गदर्शकाकडे पंधरापेक्षा जास्त विद्यार्थी देऊ नयेत. पहिल्या आक्षेपाला मात्र माझं उत्तर असं की वर्ग आजही ओस आहेत, फक्त प्रॉक्सीमुळे, म्हणजे एकाने दुसऱ्याची हजेरी लावल्यामुळे, हजेरीपट भरलेला दिसतो. बिल, डायरी आणि तोंडी परीक्षा द्यायला लावणारा नियम आजारपणाच्या खोट्या दाखल्यापेक्षा कितीतरी कडक आहे.

विद्यार्थ्यांनाही काही सांगायचं आहे, कारण नियम बदलेपर्यंत त्यांना याच व्यवस्थेत दिवस काढायचे आहेत. पैशाची वेळ आणि फीची वेळ जुळत नाही, हे आधी धरून चाला. मालिकेचं मानधन साधारण नव्वद दिवसांनी हाती येतं, त्यातून १० टक्के कर कापला जातो आणि तो परत मिळवायचा तर विवरणपत्र भरावं लागतं. जूनची फी मार्चमधल्या कामावर भरायची असते, हे लक्षात ठेवून एका सत्राच्या फीइतकी रक्कम कायम बाजूला असू द्या. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर उलाढाल छोटी असेपर्यंत अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते. ती न करता हॉस्टेलभर डबे पुरवले आणि कुणाला विषबाधा झाली, तर वर्षभराची कमाई सोडाच, पदवीही गोत्यात येते. अठरा पूर्ण होण्याआधी सही केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून प्रथम वर्षाच्या मुलांनी पालकांच्या सहीशिवाय काही लिहून देऊ नये. आणि एकांकिकेची संहिता ज्याने लिहिली त्याची असते. स्वामित्व हक्क लिहिताक्षणीच निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही. महाविद्यालयाच्या नावाने प्रयोग झाला म्हणून ती महाविद्यालयाची होत नाही. पुढे कुणी तिच्यावर चित्रपट करायला मागितली, तर आधी कागद करा.

महाविद्यालयाकडून मला माहितीपत्रिकेतलं एक पान हवं आहे. त्यावर हजेरीत कोणतं काम धरलं जाईल, त्यासाठी कोणते कागद लागतील, चाचण्यांच्या दोन्ही तारखा, खंडाचा अर्ज कुणाकडे द्यायचा आणि उत्तर किती दिवसांत मिळेल, एवढं छापलेलं असावं. ते पान प्रवेशाच्या वेळी हातात पडावं, म्हणजे डबेवाल्या मुलीलाही ते कलामंडळाच्या सचिवाइतकंच वाचता येईल.